जगबुडीच्या गोष्टी

माझे घर बारामतीजवळच्या पिंपळीत आहे आणि मी कॉलेजात मराठी शिकवतो. आज मी ज्या पुस्तकांविषयी बोलणार आहे ती अमेरिकेतली, इंग्रजीतली आणि ख्रिस्ती धर्मातल्या एका मताचा प्रचार करणारी आहेत. मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कशाला, असे आपल्याला वाटेल. त्याला कारण आहे आणि ते आमच्या कालव्यापासून सुरू होते.

२०२५ सालचा मे महिना आठवा. मृग लागायला दोन आठवडे अवकाश होता. एरवी त्या दिवसांत आमच्याकडे माणसे आभाळाकडे बघतात ती 'येतोस का नाही' असे विचारायला. त्या वर्षी आभाळच खाली आले. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. ज्या कालव्याच्या पाळीसाठी आमच्या दोन पिढ्यांनी भांडणे केली, रात्री बॅटरी घेऊन दारे धरली, तो कालवा न मागता दाराशी आला. शेजारची म्हातारी ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती. समोरून कुणाची चप्पल जाई, कुणाचे पातेले जाई, कोंबड्यांचे डालगे तरंगत जाई. ती एकेक ओळखून सांगत होती, हे अमक्याचे, ते तमक्याचे. मग मला म्हणाली, "जगबुडी जगबुडी म्हणत्यात ती हीच का रं?" मी काही उत्तर देण्याच्या आधी तिनेच पुढे विचारले, "च्या टाकू का?"

त्या रात्री वीज नव्हती. आठवड्यापूर्वीच, २० मे रोजी, पुण्यात जयंत नारळीकर गेले होते, म्हणून त्यांच्या विज्ञानकथा मी कपाटातून खाली काढून ठेवल्या होत्या. त्यांच्याच शेजारी आमच्या इंग्रजी विभागातल्या एका स्नेह्याने दिलेले जाडजूड पुस्तक पडले होते. देताना तो म्हणाला होता, "वाईट आहे, पण वाचा." बॅटरीच्या उजेडात मी ते उघडले आणि, खरे सांगतो, पहाटेपर्यंत मिटले नाही.

पुस्तकाचे नाव 'लेफ्ट बिहाइंड', म्हणजे मागे राहिलेले. टिम लाहे नावाचे एक धर्मोपदेशक आणि जेरी जेन्किन्स नावाचे लेखक, अशा दोघांनी मिळून १९९५ साली ते काढले. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे असे होत होत २००७ पर्यंत सोळा पुस्तके झाली. सगळ्या मिळून सहा कोटींच्या वर प्रती खपल्या असे सांगतात.

गोष्टीची सुरुवात ऐका. एक मोठे विमान रात्री समुद्रावरून लंडनकडे चालले आहे. उतारू झोपलेले. अचानक कुणी तरी ओरडते. कित्येक खुर्च्या रिकाम्या आहेत. माणसे गेली, पण त्यांचे कपडे बसल्या जागी तसेच पडले आहेत. एक म्हातारी नवऱ्याचे कपडे हातात घेऊन विचारते आहे, की हा असा कुठे गेला? जगभर हेच झाले आहे. जे खरे भाविक होते त्यांना देवाने एका क्षणात वर उचलून नेले आणि बाकीचे मागे राहिले. विमानाचा पायलट कसाबसा घरी पोचतो. बायको भाविक होती, तो तिची थट्टा करी. तिचे रात्रीचे कपडे अंथरुणावर पडले आहेत. धाकटा मुलगाही गेला. मागे हा आणि याची कॉलेजातली मुलगी.

आता आपणच सांगा, इथे पुस्तक खाली ठेवता येईल का? दिवसभर मी पाण्यावरून चाललेल्या चपला पाहिल्या होत्या. जग संपल्याचे वर्णन करायला लेखकाने ज्वालामुखी आणि भूकंप कितीही आणले तरी अंगावर काटा येत नाही. तो येतो रिकाम्या कपड्यांनी. या दोघा लेखकांना भाषेची फार जाण आहे असे मी म्हणणार नाही, पण एवढी गोष्ट त्यांना बरोबर सापडली आहे.

या कथेचे मूळ बायबलातल्या अगदी शेवटच्या पुस्तकात सांगतात. त्याला मराठीत 'प्रकटीकरण' म्हणतात. रोमच्या साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ होत होता त्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, पात्म नावाच्या बेटावर योहानाला झालेले हे दर्शन. सात शिक्के, चार घोडेस्वार, समुद्रातून वर येणारे श्वापद, असे सगळे त्यात आहे. आणि शेवटी पांढऱ्या घोड्यावर बसून येणारा विजयी स्वार. इथे आपले कान टवकारतात. भागवताच्या बाराव्या स्कंधात कल्की येतो तो शंभल गावातून, हातात तलवार घेऊन, देवदत्त नावाच्या घोड्यावर. चित्रकारांनी तो घोडाही पांढराच रंगवला. कोणी कोणाकडून घेतले या वादात मी शिरत नाही. माणूस फार गांजला की त्याला क्षितिजावर घोडेस्वार दिसू लागतो, मग तो पात्म बेटावर असो की शंभल गावात.

भाविकांना आधी गुपचूप उचलून नेणार ही कल्पना मात्र तितकी जुनी नाही. ती एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी नावाच्या उपदेशकाने पसरवली. रोमन कॅथॉलिक आणि इतर बरेच ख्रिस्ती पंथ ती मानत नाहीत. माझ्या वर्गातली एक ख्रिस्ती मुलगी आहे. मूळ घर नगरकडचे. तिला मी या पुस्तकाबद्दल विचारले तेव्हा ती हसली. म्हणाली, "सर, आमची आजी म्हणते, येशू यायचा तेव्हा येईल, तवर शेळ्यांना पाणी दाखवा." म्हणजे ही पुस्तके वाचून सगळे ख्रिस्ती लोक असेच मानतात असा समज कुणी करून घेऊ नये. माझ्या शेजाऱ्यांचा झाला होता, म्हणून सांगितले.

आता पुस्तकाचे दोष. ते इतके आहेत की कुठून सुरुवात करावी हा प्रश्न पडतो. खलनायक रुमानियाचा. दिसायला देखणा, बोलायला गोड. पाहता पाहता संयुक्त राष्ट्रांचा प्रमुख होतो आणि साऱ्या जगावर राज्य करतो. तो इतका उघड दुष्ट आहे की वगातल्या राक्षसाप्रमाणे मागे ढोलकी तेवढी वाजायची राहते, तरी पुस्तकातल्या शहाण्या माणसांना ते कळत नाही. बायका रडायला किंवा ऐकायला. योगायोग तर विचारूच नका, हव्या त्या माणसाला हव्या त्या क्षणी फोन येतो. सात वर्षांचा हा काळ बारा जाड पुस्तकांत ताणला आहे. मधल्या काही खंडांत पाने उलटतात आणि गोष्ट जागची हलत नाही, मळणीच्या बैलांनी खळ्यातच फिरत राहावे तशी. आणि आपल्या देशात कोट्यवधी माणसे राहतात, त्यांच्या डोक्यावरही हेच आभाळ कोसळणार आहे, याची लेखकांना फारशी दखल नाही.

पण हे दोष मला क्षम्य वाटतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत काय कमी योगायोग होते? हजाराच्या वर पुस्तके लिहिली त्यांनी. माझ्या वडिलांनी झुंजार आणि काळा पहाड भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचला, छड्या खाल्ल्या आणि त्याच गोडीवर पुढे ज्ञानेश्वरीपर्यंत आले. ज्याने कधी रद्दड पुस्तक अधाशासारखे वाचलेच नाही त्याच्या वाचनाविषयी मला शंका येते. शिक्षक बंधु-भगिनींना हे पटणार नाही कदाचित. असो.

मला खुपतो तो दोष वेगळा आहे. शेवटच्या लढाईत शत्रूचे सैन्यच्या सैन्य देवाच्या शब्दासरशी फाटून पडते. माणसे, घोडे, सगळे. लेखक ते रंगवून सांगतात, आणि त्या मेलेल्यांसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. आपण योग्य बाजूला उभे आहोत याचे समाधानच पानापानावर दिसते. मी ते वाचत असताना मला आमच्या गावच्या सप्ताहातले कीर्तन आठवले. मौसलपर्वाचा प्रसंग. शापाने यादव एकमेकांत लढून मेले, द्वारका समुद्रात गेली. उरलेल्या बायकामुलांना घेऊन अर्जुन निघाला, वाटेत चोर आले आणि ज्या हातांनी कुरुक्षेत्र जिंकले त्या हातांना गांडीव पेलेना. यादवांनी आपल्या करणीने मरण ओढवले हे बुवांनीच आधी सांगितले होते. तरी तो प्रसंग आला तेव्हा बुवांचा आवाज कापरा झाला, आणि समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. दोष त्यांचा होता म्हणून रडायचे नाही, असे कुणाला वाटले नाही.

मी आपली बाजू उचलून धरतो आहे असे समजू नका. कल्कीच्या कथेत आपणही पाप्यांची मुंडकी मोजत नाही. हा आजार एका धर्माचा नाही.

आणि गंमत पाहा, या कादंबरीचा सर्वात चांगला भागही तिथेच आहे जिथे लेखक आपल्याच बाजूवर उलटतात. बायकोच्या चर्चमध्ये पायलट चौकशीला जातो. तिथे एक उपदेशक त्याला भेटतो. अहो, हा कसा मागे राहिला? जन्मभर प्रवचन केले, लोकांच्या घरी जाऊन प्रार्थना केल्या, आणि याचीच बायकामुले उचलली गेली, हा एकटा उरला. तो स्वतःच कबूल करतो, की मी सांगत होतो, मानत नव्हतो. श्रोतेहो, मी वीस वर्षे शिकवतो आहे. वर्गात तुकोबांच्या अभंगांवर जे बोलतो त्यातले मी किती मानतो? ती पाने वाचताना मी बॅटरी बंद केली आणि थोडा वेळ अंधारात बसून राहिलो. सुमार पुस्तकसुद्धा कधी कधी असे मानगुटीला धरते. मग मी ते सुमार आहे म्हणून फेकून कसे देऊ?

मराठीला ही जात नवी नाही हेही सांगितले पाहिजे. १८४१ साली हरि केशवजींनी 'यात्रिकक्रमण' हे पुस्तक मराठीत आणले. मूळ जॉन बन्यनचे, १६७८ सालचे. मराठीत कादंबरी म्हणावी असे काही नव्हते तेव्हाची ही गोष्ट. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' यायला अजून सोळा वर्षे होती. बन्यनच्या कथेचा आरंभही जगबुडीचाच आहे. एका माणसाला कळते की आपले नगर आकाशातल्या आगीने जळून जाणार. तो घाबरतो आणि पळत सुटतो. बायकामुले मागून हाका मारतात, तेव्हा तो कानांत बोटे घालतो आणि धावतच राहतो.

लहानपणी कुणी ही गोष्ट सांगितली असती तर मी विचारले असते, मग त्या पोरांचे काय झाले? बन्यनलाही ते खात असावे. सहा वर्षांनी, १६८४ साली, त्याने दुसरा भाग लिहिला आणि त्यात ती बायको मुलांना घेऊन त्याच वाटेने निघते. मला हा दुसरा भाग अधिक आवडतो. मनूच्या नावेत सप्तर्षी आले, बियाणे आले. नोहाच्या तारवात जनावरांच्या जोड्या आल्या. पण नावेच्या बाहेर कोण राहिले, हे विचारल्याशिवाय जगबुडीची गोष्ट पुरी वाचली असे मी मानत नाही.

आता थोडे घरचे सांगतो. १९६२ सालच्या फेब्रुवारीत, ३ ते ५ तारखांना, अष्टग्रही झाली होती. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र आले. त्यातच सूर्यग्रहण. देशभर होमहवने झाली, लोकांनी प्रवास टाळले, लग्ने पुढे ढकलली. जग बुडणार अशी आवई खेड्यापाड्यांत पोचली. आमच्या थोरल्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांच्या वडील भावाने, ती खरी मानली. आमची जमीन तेव्हा जिराईत. दारात खिलारी बैलांची जोडी होती, ती आबांनी मिळेल त्या पैशाला विकली आणि त्यातून गावजेवण घातले. आजी सांगायची, जेवण फार छान झाले होते, गुळाची लापशी होती. लोक जेवले, आबांच्या पाया पडले आणि घरोघर जाऊन देव आठवत बसले. सहा तारखेला सूर्य उगवला. रानात शाळू काढायला आला होता.

त्या साली मळणीला शेजाऱ्याचे बैल मागावे लागले. शेजाऱ्याने दिले, पण द्यायच्या आधी दरवेळी विचारी, "आबा, आता पुन्हा कधी बुडायचंय?" आबा पुढे पंचवीस वर्षे जगले. पण त्यांच्यासमोर ग्रहांचा विषय कुणी काढत नसे. आमच्या घरी ही हसण्याची गोष्ट होती. मी मोठा झाल्यावर हिशेब केला तेव्हा हसू आले नाही. त्या बैलांच्या पायी थोरल्या चुलत्यांची शाळा सुटली होती.

म्हणून मी म्हणतो, या गोष्टींची गोडी जरूर घ्यावी, पण बैल विकू नयेत. आपल्याकडे भाकणूक ऐकायची रीत आहे. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक होते, निपाणीकडे आप्पाचीवाडी-कुर्लीला हालसिद्धनाथाची होते. भंडारा उधळलेला, ढोल वाजताहेत, आणि पाऊस कसा, धान्य कसे, राज्यात उलथापालथ काय, हे सांगितले जाते. हजारो धनगर मंडळी ते मान डोलावत ऐकतात. आमच्या भागातला एक मेंढपाळ मला म्हणाला, "ऐकावं मास्तर, बरं वाटतंय. पर मेंढरं कुठल्या रानात घालायची ते मी पाऊस बघूनच ठरिवतो." वाचकाने कसे वाचावे यावर मी पुष्कळ जड ग्रंथ चाळले. त्यात याहून उपयोगी काही आढळले नाही.

त्या रात्री मी वाचलेले दुसरे पुस्तक नारळीकरांचे, हे मघाशी सांगितले. त्यांच्या 'धूमकेतू' या कथेतही जग बुडायचेच असते. एक हौशी बंगाली खगोलवेत्ता धूमकेतू शोधतो, त्याला कीर्ती मिळते, आणि मग गणित सांगते की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. देशोदेशींचे शास्त्रज्ञ एकत्र येऊन त्याची वाट बदलायला यान पाठवतात. संकट टळते. इकडे घरी त्याच्या बायकोने त्यासाठी यज्ञ मांडलेला, आणि तिच्या मते संकट टळले ते त्यानेच. लेखक तिच्यावर ओरडत नाहीत. थोडेसे खिन्न होतात, एवढेच. गोष्ट म्हणून सांगायची तर नारळीकरांची कथा सरळ आहे, तिच्यात अमेरिकन कादंबरीचा धडाका नाही. पण तिथे जग वाचवणे माणसांच्या हातात आहे. कादंबरीत शेवट आधीच ठरलेला. माणसाने फक्त बाजू निवडायची.

अर्थात ज्याला शेवट ठरलेला वाटतो तो हातपाय गाळून बसतो, असेही नाही. आमच्यापासून फार दूर नाही, दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती सदन उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळात, जेव्हा मध्य प्रांतात माणसे रस्त्याच्या कडेला मरत होती, तेव्हा त्या तिकडे जाऊन मुलींना आणि विधवांना गोळा करून घेऊन आल्या. पुढे आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या. म्हणजे प्रकटीकरणातले ते चार घोडेस्वार त्यांनी शब्दाशब्दाने मराठीत लिहिले. त्यांतला काळ्या घोड्यावरचा, हातात तराजू घेतलेला, दुष्काळाचा स्वार तर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्याला पाहून त्यांनी कानांत बोटे घातली नाहीत. मी केडगावला गेलो होतो तेव्हा हे सारखे मनात येत होते. त्या अमेरिकन लेखकांना एकदा इथे आणले पाहिजे, असेही वाटले.

शिक्षकांसाठी एक सांगतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने माझ्याकडून ती कादंबरी नेली. शेतकऱ्याचा मुलगा, इंग्रजी बेताचे. शब्दकोश शेजारी ठेवून त्याने महिनाभरात पहिला भाग संपवला. कॉलेजच्या नेमलेल्या इंग्रजी पुस्तकाचे त्याने दहा पानेही वाचले नव्हते. मी त्याला एवढेच विचारले, की यातले कोण मेले तर तुला वाईट वाटले? तो विचारात पडला. दोन दिवसांनी येऊन म्हणाला, "सर, विमानातली ती म्हातारी. तिचं पुढं काय झालं, त्यांनी लिहिलंच नाही."

मी त्याला म्हटले, मग तू लिही. त्याने चार पाने लिहून आणली आहेत. म्हातारी विमानतळावर उतरते, नवऱ्याचे कपडे घडी करून पिशवीत घालते, आणि ओळखीचे कोणी दिसते का म्हणून रांगेतल्या लोकांचे चेहरे बघत राहते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. त्या मी लाल शाईने दाखवल्या. आता त्याला दुसरा भाग हवा आहे. तो आमच्या स्नेह्याकडे आहे, आणि तो म्हणतो, "वाईट आहे, पण देतो."